वाळूच्या प्रेअरीतील जिओकॅशिंग: पायवाट न सोडता शोध कसा घ्यावा

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात पिओरिया शहराच्या नैर्ऋत्येला गाडीने तासाभराच्या आत मेसन काउंटी लागते. तोवर दोन्ही बाजूंना दिसणारी काळीभोर माती इथे संपते आणि रस्त्याची कड पिवळसर, भुसभुशीत होते. शेतांत फिरत्या फवाऱ्यांचे लांबलचक सांगाडे दिसू लागतात, कारण या जमिनीत पाणी धरून राहत नाही. हिमयुगाच्या अखेरीस वितळणाऱ्या हिमनद्यांच्या पाण्याने इलिनॉय नदीच्या खोऱ्यात वाळूचे प्रचंड थर आणून टाकले आणि पुढे वाऱ्याने त्या वाळूच्या टेकड्या रचल्या. त्यांच्यावर गवत रुजले. हीच वाळूची प्रेअरी.

पिओरिया आणि ब्लूमिंग्टन या शहरांत नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबे बरीच आहेत, आणि शनिवार-रविवारी मुलांना घेऊन जिओकॅशिंगला, म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा (‘कॅश’) फोनवरच्या अक्षांश-रेखांशांच्या आधारे शोधण्याच्या खेळाला, निघणाऱ्यांची संख्याही कमी नाही. वाळूच्या प्रेअरीत जाताना मात्र नेहमीची सवय उपयोगी पडत नाही. उद्यानात आपण झाडामागे, दगडाखाली, झुडपात हात घालून डबा शोधतो. राखीव प्रेअरीत तसे शोधणे म्हणजे ज्यासाठी ते क्षेत्र राखले तेच तुडवणे. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरीमागे एकच आग्रह आहे: इथे शोध डोळ्यांनी घ्यायचा, पाय पायवाटेवरच राहिले पाहिजेत.

आधी जागेची ओळख करून घ्यावी

इलिनॉयला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात, पण मूळ स्थितीत टिकलेली उत्तम प्रेअरी आज या राज्यात एक टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी उरली आहे. वाळूच्या प्रेअरीचे काही तुकडे वाचले ते मुख्यतः तिथे नांगर फायद्याचा ठरला नाही म्हणून. इलिनॉय नेचर प्रिझर्व्ह्ज कमिशन १९६३ मध्ये स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी मिशिगन सरोवराकाठचे इलिनॉय बीच हे राज्यातील पहिले समर्पित, म्हणजे कायद्याने कायमचे राखलेले, क्षेत्र ठरले. मेसन काउंटीत सँड प्रेअरी-स्क्रब ओक आणि हेन्री ॲलन ग्लिसन ही दोन राखीव क्षेत्रे आहेत. याच परिसरात सात हजार एकरांहून मोठे सँड रिज राज्य वनही आहे. ग्लिसन (१८८२–१९७५) हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि इलिनॉयच्या अंतर्भागातील वाळूवरच्या वनस्पतींचा त्यांचा अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या नावाच्या क्षेत्रात सिल्व्हरी ब्लॅडरपॉड ही राज्यात संकटग्रस्त ठरलेली रुपेरी पानांची वनस्पती वाढते. ती उघड्या, हलत्या वाळूवर उगवते, म्हणजे नवख्या माणसाला जिथे ‘काहीच नाही’ असे वाटते नेमकी तिथेच.

या गवतात कोण राहते हे ठाऊक असल्याशिवाय आपण कुठे पाऊल टाकतो आहोत हे कळत नाही. ऑर्नेट बॉक्स टर्टल हे पाठीवर पिवळ्या रेषा असलेले छोटे कासव वाळूत स्वतःला पुरून घेते आणि उन्हाळ्याच्या आरंभी वाळूतच अंडी घालते. सिक्स-लाइन्ड रेसरनर ही सरडीच्या आकाराची, भलतीच चपळ पाल पायवाटेवरून झरकन निघून जाते. पॉकेट गोफर हा उंदरासारखा प्राणी जमिनीखाली बोगदे करतो आणि बुलस्नेक हा साप त्यांत शिरतो. लिटल ब्लूस्टेम गवताच्या बुडख्यांमधल्या मोकळ्या जागेत राखी-हिरव्या दगडफुलाचा आणि शेवाळाचा पातळ पापुद्रा असतो. वाळू उडू न देण्याचे काम हा पापुद्रा करतो आणि बुटाच्या एका टाचेने तो मोडतो.

आमच्या पहिल्या फेरीत मी आणि माझा मित्र फोनवरचा बाण पाहत पायवाटेपासून जेमतेम दहा-बारा पावले आत गेलो होतो. पुढच्या वर्षी त्याच वळणावर उभे राहिलो तेव्हा ती पावले ओळखता येत होती: पापुद्रा फुटून उघडी पडलेल्या वाळूचे लहान लहान वाटोळे ठिपके, एका रांगेत. त्यांतल्या दोन ठिपक्यांची कड वाऱ्याने खाल्ली होती. मोठे खळगे असेच सुरू होतात.

घरी बसून करायची तयारी

जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर कॅशचे पान उघडल्यावर सर्वप्रथम तिचा प्रकार पाहावा. ‘ट्रॅडिशनल’ म्हणजे दिलेल्या अक्षांश-रेखांशांवर प्रत्यक्ष डबा, ‘मल्टी’ म्हणजे एकापाठोपाठ एक टप्पे, ‘मिस्टरी’ म्हणजे आधी कोडे आणि मग जागा. ‘अर्थकॅश’मध्ये मात्र डबाच नसतो. तिथे जाऊन भूरचनेचे निरीक्षण करायचे, प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि नोंद करायची. हा प्रकार जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झाला. राखीव प्रेअरीसाठी माझ्या मते हाच प्रकार सर्वांत योग्य आहे, कारण त्यात काही ठेवले जात नाही, काही उचलले जात नाही आणि मुलांना वाळूची टेकडी कशी बनते हे कळते.

समर्पित राखीव क्षेत्राच्या हद्दीत प्रत्यक्ष डबा नसावा असेच धरून चालावे. म्हणून डब्याची जागा नकाशावर तपासून ती राखीव क्षेत्रात येते की लगतच्या राज्य वनात, रस्त्याकडेला किंवा वाहनतळावर, हे आधी ठरवून घ्यावे. उपग्रह-चित्रावर हद्दीची कुंपणे आणि वनरस्ते चांगले दिसतात. जागा हद्दीच्या आत, पायवाटेपासून दूर दाखवत असेल, तर तिथे जाऊ नये आणि संकेतस्थळावरून कॅशच्या मालकाला, म्हणजे ती ठेवणाऱ्याला, किंवा ती तपासून मंजूर करणाऱ्या परीक्षकाला तसे कळवावे. काही राखीव क्षेत्रांत आखलेली पायवाट नसतेच. अशा वेळी जमिनीची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यालयाला फोन करून कुठपर्यंत जाता येते हे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर हद्दीवरून पाहून परतावे.

त्यानंतर कठीणपणाचे आकडे पाहावेत. प्रत्येक कॅशला शोधाचा आणि भूभागाचा असे दोन दर्जे १ ते ५ या मोजपट्टीवर, अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने दिलेले असतात. भूभागाचा दर्जा २ असला तरी वाळूत तो अधिक जाणवतो. सपाट फरसबंद वाटेवर जे अंतर वीस मिनिटांत होते, त्याला सैल वाळूत सहज दीडपट वेळ लागतो. लहान मुले बरोबर असतील तर जाऊन-येऊन तीन किलोमीटरपेक्षा मोठा बेत आखू नये. अलीकडच्या नोंदीही वाचाव्यात. शेवटच्या तीन-चार जणांनी ‘सापडली नाही’ अशी नोंद केली असेल, तर डबा बहुधा जागेवर नाही, आणि नसलेल्या डब्यासाठी केलेली शोधाशोध गवताला सर्वांत महागात पडते.

नकाशा आणि कॅशचे पान फोनमध्ये उतरवून ठेवावे, कारण या भागात फोनला सगळीकडे रेंज मिळत नाही.

केव्हा जावे, केव्हा टाळावे

मे महिन्याचा उत्तरार्ध आणि जून हा सर्वांत सुंदर काळ असतो. जांभळे स्पायडरवॉर्ट आणि ‘पकून’ नावाचे पिवळेधमक रानफूल फुलते, आणि जूनमध्ये फड्या निवडुंगावर मेणासारखी पिवळी फुले येतात. होय, इलिनॉयमध्ये, जिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो तिथे, आपल्या ओळखीच्या फड्या निवडुंगाचा एक बुटका भाऊबंद वाळूवर सपाट पसरलेला असतो. हाच काळ कासवांच्या अंडी घालण्याचा आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा असल्यामुळे पायवाटेबाहेर पाय टाकण्याची सर्वांत मोठी किंमतही याच दिवसांत मोजावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारची वाळू पायांना चटका देईल इतकी तापते, म्हणून सकाळी लवकर निघून दहा-साडेदहापर्यंत बाहेर पडावे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लिटल ब्लूस्टेम तांबूस होते आणि चालायलाही हवा बरी असते.

दोन काळांत विशेष काळजी घ्यावी. वसंताच्या आरंभी आणि पानगळीनंतर व्यवस्थापक प्रेअरीत ठरवून आग लावतात. झुडपे वाढू नयेत आणि गवताला नवा फुटवा यावा म्हणून ही आग आवश्यक असते. धूर दिसला किंवा ‘प्रवेश बंद’ असा फलक असला, तर त्या दिवशीचा बेत रद्द करावा. दुसरा काळ शिकारीचा. सँड रिजसारख्या राज्य वनांत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बंदुकीने हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. त्या दिवसांत वनात जाऊच नये, आणि लगतच्या भागात जायचे झाल्यास भडक नारिंगी जाकीट घालावे.

उत्तरेला मिसिसिपी नदीकाठी सव्हानाजवळ लॉस्ट माउंड हा इलिनॉयमधील वाळूच्या प्रेअरीचा सर्वांत मोठा उरलेला तुकडा आहे. तिथे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. ही जमीन १९१७ पासून २००० पर्यंत सैन्याच्या दारूगोळा-कोठाराची होती आणि न फुटलेला दारूगोळा अजूनही काही भागांत आहे. तिथे ‘बंद’ असे लिहिलेल्या जागी कोणत्याही कारणाने शिरू नये. शिवाय हा भाग राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानाचा असल्यामुळे खास परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही.

अंगावर आणि पिशवीत काय असावे

पूर्ण लांबीची पँट, ती आत खोचता येईल असे उंच मोजे आणि जाड तळव्याचे बंद बूट ही किमान गरज आहे. सँडल घालून वाळूत उतरण्याचा मोह होतो, पण सँडबर नावाच्या गवताचे काटेरी बोंड आपल्या सराट्यासारखेच तळव्यात घुसते. कपड्यांवर आदल्या दिवशी पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचा ०.५ टक्क्यांचा फवारा मारून ते वाळू द्यावेत आणि त्वचेवर डीटयुक्त मलम लावावे, कारण गोचिडी भरपूर असतात आणि काळ्या पायांच्या गोचिडीमुळे लाइम रोग होतो. पर्मेथ्रिन थेट त्वचेवर कधीही लावू नये, आणि लहान मुलांसाठी मलमाच्या वेष्टनावरील सूचना आधी वाचाव्यात.

पिशवीत माणशी दीड-दोन लिटर पाणी, टोपी, पेन, बारीक टोकाचा चिमटा, छोटे भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, फोनसाठी जास्तीची बॅटरी आणि कचऱ्यासाठी एक रिकामी थैली असावी. पेन विसरू नये, कारण बहुतेक छोट्या डब्यांत नोंदपट्टी असते पण लिहायला काही नसते. घरून निघण्याआधी बुटांचे तळवे कडक ब्रशने घासावेत. स्पॉटेड नॅपवीडसारखी आक्रमक तणे बुटाच्या खाचांतल्या मातीतून एका जागेहून दुसरीकडे जातात आणि उघड्या वाळूवर ती झपाट्याने पसरतात.

निवडुंगाबद्दल थोडे अधिक सांगतो. त्याचे मोठे काटे दिसतात, त्यामुळे त्यांच्यापासून माणूस सावध राहतो. खरा त्रास निवडुंगाच्या डोळ्यांवरच्या, म्हणजे काटे फुटतात त्या ठिपक्यांवरच्या, तांबूस लवेचा असतो. ती कुसळाहूनही बारीक असते, तिला उलटे दाते असतात आणि हात नुसता टेकला तरी शेकडोंनी रुतते. अशी लव रुतल्यास हात चोळू नये. आधी भिंगाखाली धरून दिसतील तेवढे केस चिमट्याने ओढावेत. उरलेल्यांसाठी, घरी आल्यावर, पांढऱ्या डिंकाचा पातळ थर देऊन त्यावर जाळीदार पट्टी ठेवावी आणि डिंक पूर्ण वाळल्यावर पट्टी सोलून काढावी. नुसती चिकटपट्टी लावून ओढल्याने लव फारशी निघत नाही. मुलांना बसण्यापूर्वी जागा पाहायला शिकवावे. वाळूत अर्धवट पुरलेले निवडुंगाचे पान सहज नजरेतून सुटते.

प्रत्यक्ष शोध

गाडी आखलेल्या वाहनतळावरच लावावी, रस्त्याकडेच्या वाळूत चाके रुततात. पायवाटेच्या तोंडाशी फलक असेल तो पूर्ण वाचावा. कुत्रा नेता येतो का, क्षेत्र किती वाजता बंद होते, आजचा काही विशेष निर्बंध आहे का, हे तिथे कळते. गाडीच्या जागेची खूण फोनमध्ये करून ठेवावी, कारण सगळ्या टेकड्या एकसारख्या दिसतात.

अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत दिलेले असतात. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे १.८५ मीटर, आणि मेसन काउंटीच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम दिशेत सुमारे १.४ मीटर. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन सुमारे पाच मीटरपर्यंतची अचूकता देतो. डबा ठेवणाऱ्याच्या उपकरणातही तेवढीच चूक असू शकते. म्हणजे बाण ‘शून्य’ दाखवत असला तरी डबा दहा मीटरच्या वर्तुळात कुठेही असू शकतो. बाणामागे गोल गोल फिरत राहिल्यास हेच वर्तुळ तुडवले जाते, म्हणून पुढील पद्धत वापरावी.

अंतर तीस मीटरच्या खाली आले की वेग कमी करावा. पायवाटेवरच पुढे-मागे चालून फोनवरचे अंतर सर्वांत कमी जिथे होते ती जागा शोधावी आणि तिथे एक-दोन मिनिटे स्थिर उभे राहावे. आकडे बसू द्यावेत. मग फोन खिशात ठेवावा. आता नजर वापरायची: माणसाने केलेली गोष्ट इथे कोणती आहे? कुंपणाचा खांब, फलकाची मागची बाजू, लाकडी बाक, पुलाचा कठडा, वनरस्त्याचे फाटक. नियमानुसार परवानगी घेऊन ठेवलेला डबा अशाच ठिकाणी, हात पोहोचेल असा असतो. कुंपणाच्या खांबाभोवती पॉयझन आयव्हीची, त्वचेला खाज आणि फोड आणणारी, तीन-तीन पानांची वेल नाही ना, हे पाहूनच हात घालावा. पायवाटेवरून हात पुरत नसेल आणि आत जाण्याची वाटही दिसत नसेल, तर आपली जागा चुकली आहे किंवा कॅश चुकीच्या ठिकाणी आहे. दोन्ही वेळा उत्तर एकच, थांबावे. पंधरा मिनिटांत डबा दिसला नाही तर ‘सापडली नाही’ अशी प्रामाणिक नोंद करून पुढे जावे. ती नोंदही मालकाला उपयोगाचीच असते.

वाळू मात्र कधीही उकरू नये. ३ मे २००० रोजी ओरेगॉनमध्ये बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर यांनी पहिला डबा ठेवला तेव्हा ती काळी बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती. आजच्या नियमांत जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खड्डा करून डबा पुरण्यास मनाई आहे. त्यामुळे उकरण्याची गरज शोधणाऱ्यालाही पडत नाही, आणि या वाळूत उकरल्यास हाती कासवाची अंडी लागण्याची शक्यता असते.

अर्थकॅश असेल तर काम निराळे आणि अधिक आनंदाचे असते. पायवाटेवरचीच चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन भिंगाखाली धरावी. बहुतेक कण गोलसर, काचेसारखे आणि जवळजवळ एका मापाचे दिसतात. पट्टीच्या एका मिलिमीटरच्या खुणेत किती कण बसतात हे मुलांना मोजायला लावावे. वाळूचा कण ०.०६२५ ते २ मिलिमीटरचा असतो. वाऱ्याने त्यांतले बारीक कण दूर नेले आणि जड कण मागे सोडले, म्हणून ही निवड झाली. टेकडीची एक बाजू उतरती आणि दुसरी उभी का, याचे उत्तरही वाऱ्यातच आहे: वाऱ्याकडची बाजू सौम्य राहते आणि आडोशाच्या बाजूला कण घरंगळतात. कोरडी वाळू ३२ ते ३४ अंशांपेक्षा तीव्र उतारावर टिकत नाही. फोनमधील कोनमापकाने पायवाटेवर उभे राहूनच दोन्ही उतारांचा अंदाज घेता येतो. मापून झाल्यावर वाळू होती तिथेच झाडून टाकावी. उत्तरे मालकाला खाजगी संदेशाने पाठवावीत, सार्वजनिक नोंदीत लिहू नयेत.

स्वतःचा डबा ठेवायचा असल्यास

राखीव क्षेत्राच्या आत डबा ठेवण्याचा विचार मनातून काढून टाकावा आणि लगतच्या राज्य वनात किंवा गावच्या उद्यानात जागा पाहावी. तिथेही जमीन सांभाळणाऱ्या कार्यालयाची परवानगी लागते, ती लेखी घ्यावी. दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर असावे. जागा अशी निवडावी की सर्वांत अधीर माणूससुद्धा पायवाट सोडणार नाही. डबा हवाबंद असावा, त्यावर ‘जिओकॅश’ असे स्पष्ट लिहावे आणि आत खाद्यपदार्थ ठेवू नयेत. आग लावण्याच्या क्षेत्रापासून तो दूर असावा, कारण प्लास्टिक वितळून वाळूत चिकटते. अक्षांश-रेखांश निदान दोन वेगवेगळ्या दिवशी मोजून त्यांची सरासरी घ्यावी. शोधणाऱ्याची वणवण आणि गवताची तुडवण यांतले निम्मे तरी अचूक आकड्यांनी वाचते.

परतल्यावर

गाडीत बसण्यापूर्वी कपडे झटकावेत, मोज्यांत अडकलेली बोंडे चिमट्याने काढून कचऱ्याच्या थैलीत टाकावीत, रस्त्याकडेला टाकू नयेत. घरी पोहोचल्यावर अंघोळ करून कानामागे, काखेत, गुडघ्यामागे आणि मुलांच्या केसांत गोचीड पाहावी. चिकटलेली आढळल्यास चिमटा त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी, पिळू नये. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा चाव्याभोवती लाल चट्टा वाढत गेला तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल आवर्जून सांगावे. कपडे थेट ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटे फिरवावेत.

नोंद लिहिताना वाट कशी होती, डबा कोरडा होता का, पायवाटेबाहेर पावलांची नवी वाट पडलेली दिसली का, हे लिहावे. शेवटची बाब मालकाला सर्वांत महत्त्वाची असते, कारण तशी वाट पडत असेल तर जागा बदलावी लागते. फुलांची, टेकड्यांची छायाचित्रे जरूर टाकावीत. कासव किंवा दुर्मीळ वनस्पती दिसली असेल तर मात्र छायाचित्रातील स्थळाची माहिती आधी पुसावी आणि ती नेमकी कोणत्या वळणावर दिसली हे नोंदीत लिहू नये. बॉक्स टर्टल पाळण्यासाठी उचलून नेली जातात. ते कासव आयुष्यभर त्याच छोट्या परिसरात राहते आणि तिथून हलवले तर परतीची वाट शोधत भटकते. त्याचा ठावठिकाणा सांगायचाच असेल तर तो व्यवस्थापकाच्या कार्यालयाला कळवावा. तिथे त्या नोंदीची वाट पाहणारी माणसे असतात.